पगाराच्या दुसऱ्या दिवशी कोण आलं नाही?

“माणसं टिकत नाहीत हो.” हे गाऱ्हाणं सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ऐकू येतं, गणवेश शिवणाऱ्या युनिटात ऐकू येतं, आणि हॉस्पिटलातल्या नर्सेसच्या प्रमुख मेट्रनबाईही तेच म्हणतात. मग बाहेरचा वक्ता बोलावून प्रेरणेचं भाषण होतं, वर चहा-समोसा. त्याआधी हजेरीपट काढा. गेल्या तीन महिन्यांत पगाराच्या दुसऱ्या दिवशी कोण आलं नाही, ती नावं बाजूला लिहा. प्रत्येकाच्या हातात किती पडले आणि का तेवढेच पडले, हे त्याला कुणी समजावून सांगितलं होतं का, ते विचारा. बहुतेक भांडणांचं मूळ तिथेच सापडतं.

पहिला घोळ उचलीचा, म्हणजे पुढच्या मजुरीतून फेडायच्या आगाऊ रकमेचा. यंत्रमागावर उचल ही जुनी रीत आहे. लग्न, दवाखाना, शाळेची फी, गड्ड्याची जत्रा, कशासाठीही लागते. उचल देण्यात वावगं काही नाही, तोंडी हिशोबात आहे. समजा 20,000 दिले आणि आठवड्याला 1,000 कापायचे ठरले. म्हणजे वीस आठवड्यांत फिटायला हवी. मध्येच मार्कंडेय रथोत्सवाला आणखी 3,000 दिले. दोन आठवडे सूत आलं नाही म्हणून माग बंद राहिला, तेव्हा कपात झाली नाही. एका आठवड्याला त्याने विनवणी केली म्हणून 500 च कापले. दिवाळीला मालकाच्या मते बाकी 9,000 आणि कामगाराच्या मते 5,000. दोघंही खोटं बोलत नसतात. दोघांच्या डोक्यातल्या वह्या वेगळ्या असतात, एवढंच.

यावर उपाय चार रकान्यांचं कार्ड: तारीख, दिले, कापले, बाकी. दर पगाराला दोघांची सही किंवा अंगठा. कार्ड कामगाराकडे राहतं आणि त्याचा मोबाईलवर काढलेला फोटो ऑफिसात. नवी उचल दिली तर ती नव्या ओळीत लिहायची, जुन्या बाकीत तोंडाने मिळवायची नाही. काम मंदावलेल्या आठवड्यात किती कापायचं, हे उचल देतानाच ठरवून कार्डाच्या मागे लिहायचं. वेतन संहिता 2019 प्रमाणे सगळ्या कपाती मिळून मजुरीच्या 50 टक्क्यांवर जाता येत नाही. पण निम्मी मजुरी कापली तर घर चालत नाही आणि तो माणूस दुसऱ्या कारखान्यात नवी उचल शोधायला लागतो. चौथ्या हिश्श्याच्या पुढे न गेलेलं बरं. आणि “उचल फिटल्याशिवाय जायचं नाही” हे वाक्य सुपरवायझरच्या तोंडून कधीही निघू देऊ नका. उचलीपोटी माणूस अडकवून ठेवणं हा 1976 च्या वेठबिगारीविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. पैसे वसूल करायचे कायदेशीर मार्ग वेगळे आहेत.

दुसरा घोळ नगाच्या कामाचा. पीसवर मजुरी असली की माग बंद पडलेला प्रत्येक तास कामगाराच्या खिशातून जातो, पण तो का बंद पडला हे कुठेच लिहिलेलं नसतं. प्रत्येक मागाशेजारी एक पाटी टांगा आणि थांबण्याचं कारण खडूने लिहायला लावा: वीज, सूत, बीम (ताण्याच्या सुताचा रूळ) संपला, जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) वाट, इतर. पाळी संपताना त्याचा फोटो काढा. आठवड्याभरात दिसतं की ज्याला आपण आळशी म्हणत होतो, त्याचा माग निम्मा वेळ जॉबरची वाट पाहत उभा होता. सेकंड, म्हणजे सदोष निघालेल्या टॉवेलचंही तसंच. सुताच्या गाठीमुळे पडलेला दोष आणि लक्ष नसल्यामुळे पडलेला दोष एकाच ढिगात टाकून मजुरी कापली, तर चांगला विणकर आधी जातो, कारण त्याला बाहेर मागणी असते.

घरी विडी वळणाऱ्या बायकांच्या बाबतीत हेच भांडण पानावरून होतं. पान फाटकं किंवा वाळकं आलं तर हजार विड्या त्यात बसत नाहीत, आणि कमी पडलेलं पान ती स्वतःच्या पैशाने आणते. पान देतानाच वजन आणि प्रत तिच्या पुस्तकात लिहिली, आणि छाट, म्हणजे नाकारलेल्या विड्या, काढताना ती तिच्यासमोर काढून कारण सांगितलं, तर रोजची कुरबुर निम्म्याने उतरते.

आता ईएसआय (कामगार राज्य विमा) आणि पीएफ. आधी ईएसआय. दरमहा 21,000 पर्यंत वेतन असलेल्याच्या पगारातून 0.75 टक्का जातो, मालक 3.25 टक्के भरतो. आजारपणात वेतनाच्या 70 टक्के भत्ता वर्षात 91 दिवसांपर्यंत मिळतो. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी-काळात किमान 78 दिवस भरलेले लागतात. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभ पुढच्या जानेवारी ते जूनमध्ये, ऑक्टोबर ते मार्चचा जुलै ते डिसेंबरमध्ये. म्हणजे एप्रिलपासून आठवड्याला तीन दिवस काम, चार दिवस घरी असं चाललं आणि दिवस 76 वर अडकले, तर जानेवारीत टायफॉईड झालेल्या माणसाला भत्ता नाही. ऑगस्टच्या शेवटी यादी काढून ज्यांचे दिवस काठावर आहेत त्यांना सप्टेंबरमध्ये काम द्या. हे कुणी करत नाही, आणि करायला अर्धा तास पुरतो. कामावरच्या अपघाताला मात्र 78 दिवसांची अट नाही, तिथे 90 टक्के मिळतात. बदली कामगाराची नोंदणी पहिल्या दिवशीच करा. बोट गेल्यावर केलेली नोंद लगेच डोळ्यावर येते.

पीएफचे दावे आपल्याकडे अडतात ते नावापाशी. शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांत आडनाव आधी लिहायची सवय, कन्नड नावांचं स्पेलिंग प्रत्येक कागदावर वेगळं, आणि लग्नानंतर बाईचं नाव आधारवर बदललेलं पण पॅनवर माहेरचंच. रुजू होण्याच्या दिवशी आधार, पॅन आणि पासबुक शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवा. जुळत नसेल तर त्याच आठवड्यात दुरुस्तीला पाठवा. लग्नाआधी केलेलं पीएफचं नॉमिनेशन (पैसे कुणाला द्यायचे ती नोंद) लग्नानंतर बाद होतं, तेव्हा पत्रिका वाटायला आलेल्या पोराला पेढ्याबरोबर ही आठवणही द्या.

हॉस्पिटलात पैशापेक्षा ड्युटी-चार्टचा त्रास मोठा. पुढच्या महिन्याचा चार्ट 25 तारखेला लागलाच पाहिजे, आणि रात्रपाळीनंतर लगेच सकाळची पाळी लावायची नाही. सोलापुरात आणखी एक रकाना लागतो: कुणाच्या भागात पाणी कधी येतं. नळाला काही दिवसांआड पाणी, त्यात वेळ अवेळी. घरातल्या बाईने ते भरलं नाही तर पुढचे दिवस कोरडे. त्या दिवशीच्या उशिराला लेटमार्क मारून काही साधत नाही. पेठेप्रमाणे पाण्याची पाळी चार्टवर लिहा आणि दोन वेगळ्या भागांतल्या बायकांच्या पाळ्या आपसात बदलू द्या. शहराबाहेर कुंभारीच्या रे नगर या कामगार वसाहतीत राहायला गेलेल्यांसाठी हाच हिशोब बसच्या वेळेचा आहे.

सुपरवायझरबद्दल थोडं. एकाच शेडमध्ये मराठी, तेलुगू, कन्नड आणि दख्खनी बोलणारे असतात. सूचना समजली का विचारलं की सगळे “हो” म्हणतात. त्याऐवजी “करून दाखव” म्हणा. आणि वाचता न येणाऱ्या भाषेतल्या मेमोवर सही मागू नका. तो सही करणार नाही, आणि त्याचं बरोबरच आहे.

दहा किंवा जास्त माणसं असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती 2013 च्या कायद्याने सक्तीची आहे: अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या तरी सदस्य महिला, एक सदस्य बाहेरचा. तक्रार तीन महिन्यांत, चौकशी 90 दिवसांत. शिलाई युनिटात पन्नास बायका आणि वर एक मास्तर असतो, तिथे समितीची नावं बायकांच्या स्वच्छतागृहाजवळ लावा, मास्तरच्या टेबलामागे नकोत.

माणूस सोडून निघाला तर त्याची मजुरी दोन कामाच्या दिवसांत द्यायची, असं वेतन संहिता सांगते. ग्रॅच्युइटीत (बरीच वर्षं नोकरी केलेल्याला सोडताना मिळणाऱ्या रकमेत) महिन्याचं वेतन 30 ने भागण्याची चूक सर्रास होते, भागायचं 26 ने. शेवटचं वेतन 18,000 आणि नोकरी 12 वर्षं असेल तर 18,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 12, म्हणजे 1,24,615 रुपये. 30 ने भागलं तर 1,08,000 येतात, आणि कामगाराचे साडेसोळा हजार बुडतात. पीएफच्या पोर्टलवर नोकरी सोडल्याची तारीखही त्याच दिवशी भरा. ती राहिली तर त्याला स्वतः भरायला दोन महिने थांबावं लागतं, आणि तोवर तुमच्या ऑफिसात रोज त्याचा फोन.