कोल्हापुरात बसायचं कुठं?

बागेत झाडाचा ओंडका दिसला म्हणून टेकलो, तर ओंडका निघाला सिमेंटचा. वर सालीच्या रेघा कोरलेल्या, कापल्या बाजूला वर्तुळं, सगळ्यावर चॉकलेटी रंग. पाठीवर देणगीदाराचं नाव ठळक, पण पाठ अशी सरळसोट की टेकवत नाही. असली बाकं गावोगाव असतात. राग इथं जास्त आला, कारण खऱ्या दगडामातीवर बसायची इतकी चांगली सोय असलेल्या शहरात हे खोटं लाकूड कशाला?

मग अंबाबाईचं दर्शन आणि तांबडा-पांढरा आटोपून बसायच्या जागाच बघत हिंडलो.

सगळ्यात जास्त वेळ गेला पंचगंगा घाटावर. पायऱ्या काळ्या पाषाणाच्या. कडेला टाकीचे घाव हाताला लागतात, आणि मधे, जिथं पिढ्यान्‌पिढ्या लोक बसले, धुणं आपटलं, तिथं दगड गुळगुळीत झालाय. वेगळं आसन कुणी घडवलेलंच नाही. उतरायची पायरी तीच बसायची. पावसाळ्यात घाट आणि तिथली देवळं पाण्याखाली जातात. राजाराम बंधाऱ्यावर नदीची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. पाणी उतरलं, गाळ उपसला, की पायऱ्या बसायला मोकळ्या. लाकडी बाक असतं तर थेट शिरोळला पोचलं असतं.

दगडाची खोड एकच. मी उन्हातली पायरी धरली तेव्हा एक आजोबा म्हणाले, ‘पावणं, तितं दगूड तापलाय, हिकडं सावलीला या की.’ हाच दगड निवायलाही वेळ घेतो, त्यामुळे थंडीत संध्याकाळी तो हवाहवासा वाटत असणार.

कुस्त्यांच्या खासबाग मैदानात तर दगडाचंही मोठं काम नाही, जमिनीचा आकारच कामाला लावलाय. १९०२ च्या विलायत दौऱ्यात शाहू महाराजांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि १९१२ मध्ये हे मैदान उभं राहिलं. बशीसारखा खोलगट आकार, तळाशी लाल मातीचा हौदा, चहूबाजूंनी वर चढत जाणारा उतार. पुढच्याचा फेटा मागच्याच्या आड येत नाही. बैठकीची आखणी याहून साधी काय असणार?

जिल्ह्यातल्याच खिद्रापूरला मात्र माझी पाठ दुखली! बाराव्या शतकातलं, शिलाहारांच्या काळातलं कोपेश्वर मंदिर. स्वर्गमंडपात ४८ खांब, मधोमध छत गोल उघडं, खाली तेवढीच गोल शिळा. तासभर मान वर करून बघावं असं. पण ज्या खांबाला टेकलो त्याची कातीव वळणं मणक्यात रुतायला लागली. खांब टेकायला घडवलेला नव्हताच, त्याला बोल लावून उपयोग नाही. कोरीव काम करणाऱ्या त्या जुन्या कारागिरांना पाठ कळत नव्हती असंही नाही. कित्येक जुन्या देवळांच्या मंडपात कक्षासन असतं : कडेला दगडी कट्टा, आणि मागची पाठ बाहेरच्या बाजूला कललेली. त्या कलण्यातच सगळं आलं. आज सिमेंटच्या बाकाचा साचा बनवणाऱ्याला एवढं का सुचू नये?

पन्हाळ्याच्या वाटेवर एका टपरीपुढं बांबूचं बाकडं दिसलं. उभ्या चिरलेल्या बांबूच्या पट्ट्या, गाठी तासलेल्या, सालीची गोल बाजू वर, म्हणजे पाणी थांबत नाही. सगळं तारेनं आवळलेलं. पायांना ओल लागू नये म्हणून खाली चपटे दगड. बसलं की जरासं लवतं, कुरकुरतं, पण टोचत नाही. किती दिवस टिकतं, असं मावशींना विचारलं.

‘दोन पावसाळं काढतंय. मग चुलीत घालायचं आन्‌ नवं करायचं. परड्यात बांबू हाय की.’