तुम्ही विचारलंत म्हणून: दोघंही कम्युनिस्ट, मग बिनसलं कशावरून?

युनियनच्या अभ्यासवर्गात युगोस्लाव्हियाचा विषय निघाला की कुणीतरी विचारतंच, ‘तिथले नेते टिटोही कम्युनिस्ट, सोव्हिएत संघाचे स्टालिनही कम्युनिस्ट. मग बिनसलं कशावरून?’ समाजवादाच्या दोन वाटांवरून, असं सहसा सांगतात. मला ते उलटं वाटतं. आधी बिनसलं, वेगळी वाट नंतर सापडली.

मार्च १९४८मध्ये मॉस्कोने आपले सल्लागार माघारी बोलावले आणि २८ जूनला कॉमिनफॉर्मने, म्हणजे मॉस्कोच्या पुढाकाराने चालणाऱ्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेने, युगोस्लाव्ह पक्षाला बाहेर काढलं. आरोप होते राष्ट्रवादाचे, श्रीमंत शेतकऱ्यांना पाठीशी घातल्याचे. खरं दुखणं वेगळंच होतं. टिटोंच्या पार्टिझनांनी, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या गनिमी सैनिकांनी, बराचसा देश स्वतःच्या बळावर सोडवला होता. प्रत्येक पाऊल मॉस्कोला विचारून टाकायला ते तयार नव्हते. वेगळा सिद्धांत मात्र तेव्हा त्यांच्याकडे नव्हताच. उलट, आरोप खोटा ठरवायला त्यांनी १९४९मध्ये सामुदायिक शेती आणखी जोरात रेटली! शेतकऱ्यांना त्यातून सुटायला १९५३ उजाडलं.

पूर्व युरोपशी व्यापार तुटला. मॉस्कोशिवाय आपण समाजवादी कसे, हे आता स्वतःलाच सांगायचं होतं. पक्षाचे एक प्रमुख नेते मिलोवान जिलास मार्क्स पुन्हा वाचत होते. घरासमोर उभ्या मोटारीत बसून त्यांनी कार्डेल आणि किद्रिच या सहकाऱ्यांपुढे कल्पना मांडली: कारखान्यांचा कारभार कामगारांकडेच द्यायचा. ही आठवण त्यांनीच लिहून ठेवली आहे. टिटोंना आधी ते पटेना, पण २७ जून १९५०ला कायदा झाला. कामगारांनी निवडलेली परिषद कारखान्याची योजना आणि हिशेब मंजूर करू लागली. संचालक सुरुवातीला वरूनच नेमलेला असे, हेही खरं. तरी माझा जन्म युनियनमध्ये गेला. ती मोटारीतली बैठक आठवली की आजही उभारी येते.

आणि लगेच गोली ओतोक आठवतं. अॅड्रियाटिक समुद्रातलं हे बोडकं बेट. १९४९पासून मॉस्कोची बाजू घेतल्याच्या आरोपावरून, कित्येकदा नुसत्या संशयावरून, हजारो कम्युनिस्ट तिथे डांबले गेले. त्यांत पार्टिझन म्हणून लढलेलेही होते. नव्या कैद्याला जुन्या कैद्यांच्या दोन रांगांमधून मार खात जावं लागे. दगड इथून तिथे वाहायचे, मग तेच परत आणायचे. परिषदांचं कौतुक मी या बेटाबद्दल सांगितल्याशिवाय करत नाही.

मे १९५५मध्ये स्टालिननंतरचे सोव्हिएत नेते ख्रुश्चेव्ह युगोस्लाव्हियाच्या राजधानीत, बेलग्रेडला आले. समाजवादाचं रूप कसं असावं हा ज्या त्या देशाचा प्रश्न आहे, असं २ जूनच्या संयुक्त जाहीरनाम्यात लिहिलं गेलं. त्या दिवशीही बेटावर कैदी होते.