तुम्ही विचारलंत म्हणून: नारळासाठी मशीन कोणतं घ्यावं?

शेतकऱ्यांचा गट जमतो, थोडं भागभांडवल गोळा होतं आणि सामुदायिक नारळ प्रक्रिया केंद्र काढायचं ठरतं. मग मला पहिला प्रश्न येतो तो हाच. मी त्याचं उत्तर अगदी शेवटी देतो, त्यामुळे विचारणारे वैतागतात. म्हणून माझं म्हणणं एकदा सविस्तर लिहून टाकतो.

मी आधी उलट विचारतो: नारळ घेऊन येणाऱ्याच्या हातात पैसे कधी पडणार? व्यापारी भाव पाडून घेतो, पण बागेत येऊन रोख मोजतो, अडीअडचणीला उचलही देतो. तुमचं केंद्र चार पैसे जास्त देणार, पण तेल विकल्यावर. मग सभासद सभेत हात वर करतो आणि नारळ व्यापाऱ्याला घालतो. त्याला बेइमान म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. घरात रोकड लागते तेव्हा माणूस रोकड देणाऱ्याकडेच जाणार. तेल विकून पैसे यायला सहा आठवडे लागत असतील, तर सहा आठवड्यांच्या खरेदीची रक्कम आधीच बाजूला हवी. सगळं भांडवल शेड आणि यंत्रात घातलेली केंद्रं इथेच बसतात. यंत्र चांगलं असतं, पण त्यात घालायला नारळ नसतो.

खरेदी वजनावर करा, नगावर नको. नगावर घेतलात की लहान आणि कोवळे नारळ तुमच्याकडे येतील आणि मोठे दुसरीकडे जातील. तेलासाठी अकरा-बारा महिन्यांचा पक्का नारळ लागतो. असोला (न सोललेला) घेणार की सोललेला, तेही आधी ठरवा, कारण असोल्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा तर सोडणच, म्हणजे वरचं तंतुमय सालच असतं. काथ्याचं गिऱ्हाईक हाताशी नसेल तर ते सोडण बागेतच राहू दे, आच्छादनाला उपयोगी पडेल.

यंत्राचा आकार ठरवताना चांगल्या वर्षाचे आकडे धरू नका. झाडात फुलोऱ्याची सुरुवात होते तिथपासून नारळ पक्का होईपर्यंत साडेतीन वर्षांहून जास्त काळ जातो, त्यामुळे एका दुष्काळाचा फटका पुढची दोन-तीन वर्षं जाणवत राहतो. वाईट वर्षातही पुरेसं चालेल एवढंच यंत्र घ्या. ढोबळ हिशेब असा की हजार नारळांतून दीडशे ते दोनशे किलो सुकं खोबरं निघतं आणि त्यातून शंभर किलोच्या आसपास तेल.

आता वाळवण. या धंद्यातलं बरं-वाईट बहुतेक इथेच ठरतं. ओल्या खोबऱ्यात निम्मं पाणी असतं, ते सहा टक्क्यांवर आणायचं. म्हणजे शंभर किलो खोबऱ्यातून 47 लीटर पाणी उडवायचं. नारळ फोडल्यापासून चार तासांच्या आत वाळवण सुरू व्हायला हवी, नाहीतर बुरशी धरते. त्यातल्या काही बुरशा अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करतात. ते पेंडीत, म्हणजे तेल काढून उरलेल्या चोथ्यात उतरतं, पेंड जनावराच्या पोटात जाते आणि त्याचाच एक प्रकार दुधात येतो. निव्वळ उन्हावर भरवसा ठेवू नका, ढगाळ आठवडा लागला की अख्खा लॉट जातो. ड्रायरला सरपण म्हणून करवंट्या आहेतच, पण धूर खोबऱ्याला लागता कामा नये. धुरातले घातक घटक तेलात उतरतात आणि वासामुळे चांगलं गिऱ्हाईक जातं. धूर वेगळ्या नळीतून काढून फक्त गरम हवा आत सोडणारा ड्रायर महाग पडतो, तरीही तोच घ्या.

नारळपाण्याचा विचार आराखड्यात जवळपास कोणीच केलेला नसतो. हजार नारळ फोडले की शंभर लीटरच्या आत-बाहेर पाणी निघतं, आणि ते काही तासांतच आंबतं. ओढ्यात सोडलंत तर ओढा मरतो आणि शेजारी तक्रार करतात, रास्तच करतात. त्याचं व्हिनेगर होतं. तेवढी तयारी नसेल तर निदान बायोगॅसच्या टाकीत तरी जाऊ दे.

बागा विखुरलेल्या असतील तर एकच मोठा कारखाना काढण्याआधी सॉलोमन बेटांकडे पाहा. ऑस्ट्रेलियातले कृषी अर्थतज्ज्ञ डॅन एथरिंग्टन यांनी 1990 च्या दशकात एक साधी पद्धत पुढे आणली. नारळ खोवायचा, करवंट्यांवर तापवलेल्या पत्र्यावर तो कीस वाळवायचा आणि हाताने चालणाऱ्या दाबयंत्रात पिळायचा. फोडल्यापासून तासाभरात तेल निघतं. तिथे तेल गावोगाव काढतात. तपासणी आणि विक्री मात्र एका ठिकाणाहून होते. वाहतूक नारळांची न होता तेलाची होते. मला ही मांडणी फार आवडते. मजूर जास्त लागतात हे खरं.

वर्षअखेरीस उरलेला पैसा शेअर्सवर वाटू नका, कोणी किती नारळ घातला त्यावर वाटा. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या कामगारांनी 1844 साली आपल्या दुकानात हेच केलं होतं: ज्याची खरेदी जास्त, त्याला परतावा जास्त. शेअर्सवर वाटप झालं की पैसेवाले सभासद नारळ न घालताही कमावतात आणि घालणारे हळूहळू गळतात.

आणि मशीन? आधी ड्रायर, वजनकाटा आणि ओलावा मोजायचं उपकरण. पहिलं वर्ष चांगलं सुकं खोबरंच विका; तेवढ्यात कळेल की नारळ खरंच किती येतो, कुठल्या महिन्यात आणि कोणाकडून. मग एक्स्पेलर, म्हणजे खोबरं दाबून तेल काढणारं यंत्र. तो घेताना क्षमतेच्या आकड्याला भुलू नका. त्याचा वर्म (आत फिरणारा, खोबरं दाबणारा स्क्रू) आणि त्याभोवतीच्या पिंजऱ्याच्या पट्ट्या झिजणारच. त्या किती दिवसांत मिळतील आणि बसवून कोण देईल, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या. जमलं तर आपलं खोबरं स्वतः नेऊन त्याच यंत्रावर गाळून पाहा, आणि उरलेल्या पेंडीत तेल किती राहिलं ते तपासून घ्या.