मेशवरून ब्रॅकेट, नोंद ४: बोअर १२ चं की ११.८८ चं?

सुटलं एकदाचं! ब्रॅकेटच्या मेशवरून, म्हणजे छोट्या तुकड्यांच्या जाळीवरून, कॅडमध्ये मापं बदलता येतील असं सॉलिड परत उभं करायचं चाललंय, आणि त्यातली चारही बोअर (गोल भोकं) १२.०० मिमी व्यासावर बसली. मागच्या नोंदीत फिट (मेशच्या बिंदूंवर सिलिंडर बसवणं) ११.८८ वर अडून होता आणि सगळा संशय तो करणाऱ्या स्क्रिप्टवर होता. पण स्क्रिप्ट बरोबरच होती, तिला नोडच (जाळीचे बिंदू) चुकीचे दिले होते.

फाइल सी३डी१० प्रकारच्या एलिमेंटची, म्हणजे जाळीचा प्रत्येक तुकडा दहा नोडचा टेट (चार त्रिकोणी बाजूंचा घन). प्रत्येक ओळीत एलिमेंट क्रमांकानंतरचे पहिले चार नोड कोपऱ्यांचे, पुढचे सहा कडांच्या मध्यावरचे. मेश करताना मधले नोड सरळ कडेवरच ठेवले असतील (जीमेश या मेश करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘सेकंड ऑर्डर लिनियर’ हा पर्याय चालू असला की हेच होतं), तर कोपरे खऱ्या वर्तुळावर असतात आणि मधले नोड जीवेवर, म्हणजे दोन कोपरे जोडणाऱ्या सरळ रेषेवर. इथे घेरात १६ भाग, त्रिज्या ६. म्हणजे मधला नोड ६ × (१ − कोसाइन ११.२५°) = ०.११५ मिमी आत. उभ्या कडांवरचे मधले नोड तेवढे जागेवर राहतात, त्यामुळे बोअरवरचे बरोबर निम्मे नोड आत सरकलेले. सरासरीत त्रिज्या ०.०५८ ने घटते, व्यास ११.८८. १२ एच७ या भोकाच्या प्रमाण मापाची अख्खी मुभा १८ मायक्रॉनची, त्याच्या सहापट चूक!

उपाय दोन मिनिटांचा: शेवटचे सहा नोड टाकून द्यायचे, प्रकार सी३डी४ (चार नोडचा टेट) करायचा, आणि एकाच एलिमेंटच्या वाट्याला आलेल्या बाजू तेवढ्या पृष्ठ म्हणून घ्यायच्या. फिटच्या आधी मेशलॅबमध्ये डेसिमेशन (त्रिकोणांची संख्या कमी करणं) मात्र करू नका. त्यात शिरोबिंदूच हलतात, मग कोपऱ्यांवरही भरवसा राहत नाही. फ्रीकॅड या कॅड प्रोग्रॅमचं ‘मेशवरून शेप’ मागे ठेवून मापं ताडायला ठीक. रिफाइन केलं तरी सपाट बाजूच जुळतात, बोअर १६ पट्ट्यांचंच राहतं.

आता पृष्ठाचे तुकडे पाडणं. आधी १° च्या आत जुळणारे त्रिकोण एकत्र करून प्लेन (सपाट बाजू) वेगळे काढले. क्षेत्रफळाची चाळणी इथे फसते: ३ मिमी फिलेटची (गोलावलेल्या कोपऱ्याची) एकेक पट्टी १.५५ × ४० म्हणजे ६२ चौ. मिमी, ती प्लेन म्हणून घुसते. रुंदी बघा. ४ मिमीपेक्षा अरुंद ते प्लेन नाही. उरलेले त्रिकोण ३५° वर जोडले, कारण बोअरच्या शेजारी बाजूंत २२.५° आणि फिलेटच्या पट्ट्यांत ३०° चा फरक आहे.

फिलेटवरही सिलिंडर बसवायचा बेत होता, तो रद्द. प्लेन छेदून धारदार कोपरा काढायचा, स्केच, पॅड (स्केचला जाडी देणं), पॉकेट (स्केचने माल कापणं), आणि फिलेट शेवटी फीचर म्हणून. त्रिज्या एका छेदातल्या तीन नोडवरून मिळते. पुढे ३ चे ४ करायचे झाले तर एक आकडा बदलला की झालं.

मेश आणि नव्या सॉलिडचं घनफळ ताडताना नवं कोडं. जीवांमुळे मेशमध्ये माल जास्त भरतो: दर भोकाला २८.८, फिलेटला १३, एकूण १२८ घन मिमी. फरक निघाला जेमतेम ५०. म्हणजे नव्या सॉलिडमध्ये ७८ चा माल फुकटचा. भागिले चार, साडेएकोणीस. १ मिमीचं ४५° चँफर (तिरकी कापलेली कड), भोकाच्या एका तोंडाला! ४० पेक्षा कमी त्रिकोणांचे तुकडे स्क्रिप्ट फेकते आणि चँफरचे होतात ३२. बोअरचा तुकडा वरच्या बाजूला १ मिमी आधीच संपतो, ते आधीच खटकायला हवं होतं. मर्यादा २० वर आणून स्क्रिप्ट परत लावली आहे.