पाच छेद सहा मोठा की सात छेद आठ?

शाळांनी एकत्र यावं, शिक्षकांनी अनुभवांची देवाणघेवाण करावी, हे मी नोकरीला लागल्यापासून ऐकत आले आहे. बहुतेक वेळा ही देवाणघेवाण म्हणजे एक सभा, कोणाचा तरी ‘आदर्श पाठ’ आणि आभारप्रदर्शन. आदर्श पाठाची तालीम झालेली असते. मुलं पटापट हात वर करतात आणि मागे बसलेले आम्ही माना डोलावतो. ज्या वर्गात एकही मूल अडत नाही, तिथे बघायचं तरी काय? म्हणून शेजारच्या तीन शाळांबरोबर काम करायचं ठरलं, तेव्हा आमची पहिली अट होती: तालीम केलेला पाठ नको.

एकत्र येण्याची कल्पना तशी जुनीच. कोठारी आयोगाने (१९६४-६६) शाळा-संकुलाची, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटाची, शिफारस केली होती, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात ती पुन्हा आली. प्रयोगशाळा, ग्रंथालय, विषयशिक्षक वाटून घेणं त्यात येतं आणि ते हवंच. पण वर्गाचं दार दुसऱ्या शिक्षकासाठी उघडणं आदेशाने होत नाही. त्यासाठी आम्हाला जपानची पद्धत उपयोगी पडली. तिथे तिला ‘ज्युग्यो केन्क्यू’ म्हणतात, म्हणजे पाठ-अभ्यास, आणि ती शंभराहून जास्त वर्षं चालत आली आहे. १९९५ च्या ‘टिम्स’ या गणित-विज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाच्या निमित्ताने जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या आठवीच्या गणिताच्या तासांचं चित्रीकरण झालं. त्यानंतर बाकीच्या देशांचं या पद्धतीकडे लक्ष गेलं. रीत साधी आहे. शिक्षक मिळून एक प्रश्न निवडतात, मिळून पाठ आखतात, एक जण शिकवतो, बाकीचे मुलांकडे बघतात आणि मग बसून बोलतात.

साधी म्हटलं खरं, पण आमची गाडी वेळापत्रकातच अडली. मी दुसऱ्या शाळेत गेले तर माझा वर्ग कोण बघणार? जपानमध्ये अनेकदा त्या दिवशी बाकीचे वर्ग लवकर सोडतात आणि एकच वर्ग थांबवून घेतात. आम्हाला ते शक्य नव्हतं. शेवटी चारही मुख्याध्यापकांनी स्वतः एकेक तासिका घ्यायचं कबूल केलं, आणि पाठ शेवटच्या तासाला ठेवला, म्हणजे नंतरच्या चर्चेला घंटेची घाई नको. माझ्या मते हे काम टिकलं ते या एका गोष्टीमुळे. मुख्याध्यापक नुसते ‘छान उपक्रम’ म्हणाले असते, तर पहिल्या सत्रातच सगळं आटोपलं असतं.

प्रश्न निवडायला मात्र वाटलं त्याहून जास्त वेळ लागला. ‘गणिताची भीती घालवणे’ असले विषय आले आणि गेले, कारण चाळीस मिनिटांत त्यातलं काय दिसणार? शेवटी आलो अपूर्णांकांच्या तुलनेवर, आणि त्यातही एकाच जोडीवर: ५/६ आणि ७/८. दोन्हींत एकेकच भाग कमी आहे, म्हणून ‘दोन्ही सारखेच’ म्हणणारी मुलं चारही शाळांत होती. छेद सारखे करून बरोबर उत्तर काढणारीही होती, पण ‘सारखेच’ म्हणणाऱ्याला ती काही समजावू शकत नव्हती.

साहित्यावरून वाद रंगला. कागदी पट्ट्या द्यायच्या हे ठरलेलं. पण पट्टीच्या घड्या घालून आठ भाग सहज होतात, सहा करताना मुलांची तारांबळ उडते. भाग असमान झाले की संपलंच, कारण इथे फरक अगदी थोडा आहे, एक चोविसांश. मग एका मॅडमनी सुचवलं, पट्टी २४ सेंटिमीटरचीच घेऊ. सहावा भाग ४ सेंटिमीटर, आठवा ३. ५/६ म्हणजे २० सेंटिमीटर, ७/८ म्हणजे २१. सगळे खूश झाले. फक्त निवृत्तीला आलेले एक सर म्हणाले, “मग पोरं मोजपट्टी लावतील आणि मोकळी होतील. विचार कधी करणार?” मुद्दा बिनतोड होता. ठरलं की आधी अंदाज आणि त्यामागचं कारण वहीत लिहायचं, पट्ट्या त्यानंतर. याच सरांनी स्वतःचा वर्ग मात्र कोणाला बघायला दिला नाही, शेवटपर्यंत.

निरीक्षणाचे नियम आम्ही कडक ठेवले. मुलांशी बोलायचं नाही, मदत करायची नाही, उत्तर चुकलं तरी चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. प्रत्येकाने दोन-तीनच मुलांजवळ बसायचं आणि ती काय लिहितात, काय खोडतात, शेजाऱ्याला काय सांगतात, हे वेळेसह टिपायचं. शिक्षकाबद्दल एक अक्षर लिहायचं नाही. तपासणीची सवय असलेल्या आम्हा मंडळींना हे फार जड गेलं. मागे बसलं की हात आपोआप फळ्यावरच्या अक्षराला गुण द्यायला लागतो.

पहिला पाठ झाला आणि वर्ग घेणाऱ्या बाई समाधानी होत्या. निम्म्याहून जास्त मुलांनी ७/८ मोठा म्हटलं होतं. चर्चेत पाठ घेणाऱ्याने आधी बोलायचं असतं, त्याप्रमाणे त्या बोलल्या. मग एका निरीक्षकाने आपली टिपणं वाचली. ज्या मुलीला सर्वांत आधी शाबासकी मिळाली, तिच्या वहीत कारण होतं: ‘७ आणि ८ हे ५ आणि ६ पेक्षा मोठे आहेत.’ दुसऱ्या कोपऱ्यात बसलेल्या निरीक्षकाकडेही अशीच दोन मुलं निघाली. उत्तर बरोबर, विचार साफ चुकीचा, आणि फळ्याजवळून ते दिसणं अशक्यच. त्या बाई बराच वेळ आपल्याच टाचणाकडे बघत राहिल्या. आमच्यापैकी कोणीही शिकवत असतं तरी हेच झालं असतं, कारण जोडी आम्ही सगळ्यांनी मिळून निवडली होती.

मग पाठ बदलला. ५/६ आणि ७/८ च्या पाठोपाठ ३/४ आणि ५/८ ही जोडी घातली. इथे मोठ्या आकड्यांचा अपूर्णांक लहान आहे, त्यामुळे ‘मोठे आकडे म्हणजे मोठा अपूर्णांक’ म्हणणारं मूल अडकतं. गंमत म्हणजे ‘किती भाग कमी आहेत’ एवढंच मोजणारं मूल या जोडीत बरोबर उत्तर देतं, चुकीच्याच कारणाने. म्हणजे एकटी कुठलीच जोडी पुरत नाही. दोन्ही शेजारी ठेवल्यावर कोण कसा विचार करतं ते कळतं. दुसऱ्या शाळेत हा सुधारलेला पाठ झाला तेव्हा एक मुलगा पट्टीकडे न बघताच म्हणाला, “बाई, कमी एकच तुकडा आहे, पण याचा तुकडा छोटा आहे ना!” आम्हाला हवं होतं ते नेमकं हेच.

शिक्षकांचं चाललंय तर आमचं काय, असं मुलांनीही विचारलंच. त्यातून पर्जन्यमापक आले. चारही शाळांनी बाटल्या कापून ते तयार केले आणि रोज ठरलेल्या वेळी पाऊस मिलिमीटरमध्ये मोजून एकमेकांना कळवायचं ठरवलं. एकाच दिवशी एका शाळेत चांगला पाऊस, दुसरीत जवळजवळ कोरडं! लगेच आरोप सुरू झाले: तुमची बाटली रुंद, म्हणून पाणी कमी चढलं. सरळ उभ्या भिंतीच्या भांड्यात रुंदीने पावसाची उंची बदलत नाही, हे पुस्तकातलं वाक्य सांगून कोणालाही पटलं नाही. एका शाळेने मैदानात तीन वेगवेगळ्या रुंदीचे डबे शेजारी शेजारी ठेवून आकडे पाठवले, तेव्हा कुठे भांडण मिटलं. पण त्याच तपासात बाटलीच्या खोलगट-उंचवट्यांच्या बुडाचा घोळ सापडला. मग सगळ्यांनी बूड झाकेल इतकं पाणी आधी ओतून तिथून शून्याची खूण केली. एकाच शाळेत हा उपक्रम झाला असता तर आकड्यांवर शंका घ्यायला समोर कोणी नसतंच.

सगळं सुरळीत चाललं असं नाही. एका शाळेत शिक्षकांच्या बदल्या झाल्या आणि ती शाळा पाठ-अभ्यासातून बाहेर पडली, पावसाच्या नोंदी तेवढ्या पाठवत राहिली. फोनवरच्या गटात आखणीची चर्चा करायचा प्रयत्न फसला. तिथे तयार कार्यपत्रकं आणि शुभेच्छाच जास्त येतात. आखणी समोरासमोर बसूनच होते, असं माझं आता पक्कं मत आहे.

पुढचा प्रश्न भागाकाराचा घेतलाय: ६१२ ला ६ ने भागल्यावर उत्तर १२ लिहिणारी मुलं. मधलं शून्य का सुटतं, यावर आम्हा शिक्षकांतच दोन तट आहेत. एक गट म्हणतो, मुलं भागाकाराची मांडणी यंत्रासारखी करतात. दुसरा म्हणतो, त्यांना स्थानिक किंमतच नीट कळलेली नसते. सध्या प्रत्येक जण आपापल्या वर्गातल्या वह्या चाळतोय. पाठ कोणाच्या वर्गात घ्यायचा ते त्यानंतर ठरेल.