लॅपटॉपाक ताप

“ह्येका ताप इलो की काय रे?” आईने लॅपटॉपवर हात ठेवून विचारलं. पंखा घरघरत होता आणि स्क्रीन मधेच काळी.

बॉइंक, म्हणजे आपला संगणक शास्त्रज्ञांच्या आकडेमोडीला उसना देणारं सॉफ्टवेअर, टाकल्यापासून हे सुरू. रिकाम्या वेळात आपला प्रोसेसर आइनस्टाइन ॲट होम या संशोधन प्रकल्पासाठी पल्सार, म्हणजे गरगर फिरणारे मृत तारे, शोधतो. सगळे कोअर सतत राबले की एरवी लपलेलं दुखणं बाहेर येतं. मालवणातल्या दुरुस्तीवाल्याने झाकण उघडलं, तर पंख्याच्या जाळीत खाऱ्या हवेने चिकट झालेली धूळ. साफसफाई, नवी थर्मल पेस्ट, बॉइंकमध्ये प्रोसेसर वापराची मर्यादा ६० टक्के. आता ठीक.

पण आईचं पुढचं वाक्य डोक्यातून जाईना. “तारे त्येंचे नि लाईटीचा बिल आमचा?”

१९९९ला परग्रहावरच्या जीवांचे संकेत शोधणारा असाच प्रकल्प, सेटी ॲट होम, सुरू झाला, तेव्हापासून लाखो लोकांनी हे बिल हौसेने भरलंय. मीही भरेन म्हणा.

पावसाळ्यात लाईट जात-येत असताना कोकणात कोणी चालवतं का हे?