इद्राला जाताना चाकांची बॅग नको

नकाशात हायड्रा, तिथले लोक म्हणतात इद्रा. या ग्रीक बेटावर खासगी गाड्यांना बंदी आहे. सामान वाहतात ती खेचरं. मागच्या वर्षी आईला घेऊन गेले आणि चाकांची बॅग दगडी पायऱ्यांवरून उचलून उचलून माझे दंड भरून आले. तुम्ही पाठीवरची सॅकच न्या.

अथेन्स विमानतळावरून मेट्रोची 3 नंबरची लाइन थेट पिरेयसला जाते. तिथून बोटीने दोनेक तास. उन्हाळ्यात वारा सुटला की बोटी रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधीचा दिवस अथेन्समध्येच काढा.

शाकाहारी असाल तर 'फावा' मागा. पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच ते, वर कच्चा कांदा आणि ऑलिव्हचं तेल. आईने दोन्ही दिवस पावाने ताटली पुसून खाल्लं.